शायलॉकच्या आधी जेरॉन्टस: जुन्या इंग्रजी नाटकातल्या ज्यूंचं अभिवाचन कसं बसवायचं

मागच्या वर्षी गंगापूर रोडला एका मित्राच्या हॉलमध्ये आमचं वाचन होतं, तिथे एकाने शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला ज्यू सावकार शायलॉक वाचला. वाचला कसला, जुन्या मराठी सिनेमातला सावकारच उभा केला, मिशीला पीळ काय, घोगरा आवाज काय, लोक खदाखदा हसले, चहा-चिवडा झाला आणि सगळे घरी गेले. मला मात्र चुकल्यासारखं वाटत राहिलं. म्हणून यंदा परत बसवलं, आणि कसं बसवलं ते सांगतो, पाच माणसं आणि दोन तास पुरतात, स्टेज-लाइट काही नको.

आधी एक गोष्ट सगळ्यांना नीट समजावून सांगा. पहिल्या एडवर्डने १२९० साली ज्यूंना इंग्लंडातून हाकललं, ते थेट १६५६ पर्यंत त्यांना तिथे ज्यू म्हणून उघड राहता येत नव्हतं. म्हणजे त्या काळात ही नाटकं बघायला येणाऱ्या बहुतेकांनी ज्यू शेजारी बघितलेलाच नाही, सगळं ऐकीव. आपलं उलटं, कोकणात बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू, पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, आडनावं पेणकर नाहीतर रोहेकर आणि घरात बोलणं मराठी. हे आधी बोलून घेतलं की वाचणारा आपोआप ते कार्टूनवालं नाक मुरडणं सोडतो.

सुरुवात शायलॉकने करायची नाही. सुरुवात रॉबर्ट विल्सनच्या 'थ्री लेडीज ऑफ लंडन' या नाटकातल्या जेरॉन्टस नावाच्या ज्यू सावकाराने करा. विल्सन स्वतः नट होता, नाटक १५८४ ला छापलं गेलं, म्हणजे शायलॉकच्या दहाबारा वर्षं आधी. प्रसंग तुर्कस्तानातला. मर्केडोरस नावाचा इटालियन ख्रिश्चन व्यापारी जेरॉन्टसचे तीन हजार डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, बुडवून बसलाय, आणि तिथला कायदा असा की मुसलमान झालात तर कर्ज माफ. हा पठ्ठ्या तुर्की कपडे घालून सरळ कोर्टात हजर! तेव्हा जेरॉन्टस म्हणतो व्याज नको, मग म्हणतो अर्धंच दे, आणि शेवटी सगळंच सोडून देतो, का तर माझ्या पैशापायी याने धर्म सोडला असं लोकांनी म्हणायला नको. पैसे सुटल्याबरोबर मर्केडोरस म्हणतो मग मी ख्रिश्चनच बरा. न्यायाधीशसुद्धा थक्क होतो, म्हणतो ज्यू ख्रिश्चनांसारखे वागायला बघतायत आणि ख्रिश्चन ज्यूंसारखे.

हा सीन बसवताना एक गंमत हातची सोडू नका. मूळात मोडकंतोडकं इंग्रजी बोलतो तो व्यापारी, जेरॉन्टस एकदम स्वच्छ बोलतो. मराठीत करताना व्यापाऱ्याला 'माझी पैसा', 'मी देईल तो चांदी' असं लिंग-वचनाची खिचडी करत बोलायला लावा, पण कुठल्याही गावाची बोली देऊ नका, नाहीतर हसू भलत्याच माणसावर जातं. आमच्याकडे हा सीन चालू असताना एक काकू मोठ्यांदा म्हणाल्या, 'अगं बाई, हा तर देवमाणूस!', तिथेच मला कळलं की जमलंय.

पण, आणि हे माझं मत आहे, न्यायाधीशाचं ते वाक्य परत ऐका. ज्यूपणा म्हणजे वाईटपणा हे त्यालाही मान्यच आहे, जेरॉन्टस चांगला निघाला तो आपल्याच व्यापाऱ्यांना लाजवायला. शेजारच्या पोराचे मार्क सांगून घरच्या पोराला टोमणे मारतात ना, तसं. म्हणून वाचताना पेन्सिल घेऊन बसा आणि पैसा कोण सोडतो, शिव्या कोण देतं आणि शेवटी ज्यूच्या हातात काय उरतं एवढ्याच खुणा करा.

मधे शेक्सपिअरच्याच काळातल्या मार्लोच्या 'ज्यू ऑफ माल्टा' नाटकातला फक्त सुरुवातीचा तो सीन घ्या, जिथे तुर्कांची खंडणी भरायला गव्हर्नर ज्यूंची अर्धी संपत्ती मागतो आणि बाराबस हा श्रीमंत ज्यू अडतो म्हणून त्याचं सगळंच घेतो. पुढे बाराबस अख्ख्या मठाला विष घालतो, ते संध्याकाळी झेपत नाही. कंबरलँडचं 'द ज्यू' हे नाटक १७९४ चं, म्हणजे बरंच नंतरचं, त्यातला ज्यू शेवा गुपचूप दहा हजार पाउंड देऊन दुसऱ्याच्या पोरीचा संसार मांडून देतो आणि घरात त्याचा नोकर जाबाल उपाशी कुरकुरतोय. पाच मिनिटं हसायला छान, पण इतका गोड माणूस की साखर जास्त झालेला चहा.

आता शायलॉक. सगळे 'ज्यूला डोळे नसतात का' याच्यावर झडप घालतात, तो उतारा घ्याच, पण लगेच खालची अंगठीची ओळ गाळू नका. पोरीने त्याची अंगठी देऊन माकड विकत घेतलं असं त्याचा मित्र ट्यूबल सांगतो, आणि शायलॉक म्हणतो ती लेआने, म्हणजे त्याच्या बायकोने, मला लग्नाआधी दिली होती, माकडांचं अख्खं रान दिलं असतं तरी मी ती दिली नसती. ही ओळ हळू, आवाज न चढवता. तो सुरी परजणारा माणूस आहेच, पैसा सोडत नाही, कर्ज फेडलं नाही म्हणून करारात ठरलेलं कर्जदाराच्या अंगातलं मांसच मागतो, देवमाणूस अजिबात नाही, तरी जेरॉन्टसपेक्षा तो मला जास्त जवळचा वाटतो.

कोर्टात तो हरतो आणि त्याला ख्रिश्चन व्हायला लावतात, मग तो म्हणतो मला बरं वाटत नाही, कागद घरी पाठवा, सही करतो, आणि जातो. पाचव्या अंकात तो नाहीच. तिथे थांबू नका, शायलॉक वाचणाऱ्याला खरंच उठून चप्पल घालून जिन्यात जायला सांगा, त्याची खुर्ची रिकामीच ठेवा आणि पुढचं चांदण्यातलं प्रेमाचं एक पान वाचा.