नांगरटीत धारदार गारगोटी सापडली तर

प्रवराकाठच्या काळ्या रानात नांगरटीनंतर पाऊस पडला की गारगोट्या चमकतात. एखादी नखाएवढी दुधी कपची तिरप्या उन्हात धरा. कडेला फुगीर उंचवटा आणि तिथून पाण्यावरच्या तरंगांसारख्या रेषा दिसल्या, तर ती बहुधा प्राचीन माणसानं हत्यारासाठी ठोकून काढलेली. याच नदीकाठच्या नेवासे, जोर्वे इथल्या उत्खननात अशा दगडाची पाती मिळालीत. धार बघायला बोट फिरवू नका, अजूनही कापते!

शेजारी रुपया ठेवून जागेवरच फोटो काढा, गट नंबर लिहा. घासून धुऊ नका. प्रत्येक कपची वेगळ्या कागदात गुंडाळा. डबीत खुळखुळल्या की कडा नव्यानं तुटतात, मग जुना टवका कोणता ते कळत नाही. आणखी खणू नका. फोटो पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या पुरातत्त्व विभागाला दाखवा.