कीपर लीग सुरू करताय? पहिल्या ड्राफ्टआधी हे लिहून ठेवा

ड्रीम११सारख्या खेळात सामना संपला की आपला संघही संपतो. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या, फॅन्टसी लीगमध्ये तो पूर्ण हंगाम टिकतो, आणि कीपर लीगमध्ये तर त्यातले एक-दोन खेळाडू पुढच्या वर्षीही आपल्याकडेच राहतात. खरी मजा तिथेच आहे. कुणी विचारत नसलेला पोरगा आपण हेरलेला असतो आणि पुढच्या सप्टेंबरातही तो आपल्याच संघात असतो. मात्र नियम कच्चे राहिले तर हीच गोष्ट लीगच्या मुळावर येते. दोघा-तिघांकडे फुकटात मोठे खेळाडू अडकून बसतात, बाकीच्यांचा जीव रमत नाही आणि तिसऱ्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी उत्तरही देत नाही. म्हणून कुणाच्याच हातात खेळाडू नसताना, म्हणजे पहिल्या ड्राफ्टच्या (खेळाडू निवडून वाटून घ्यायच्या बैठकीच्या) आधी, नियम कागदावर आणा. संघ ठरले की प्रत्येक नियमाला कुणाचा तरी खेळाडू चिकटतो. मग मत नियमावर पडत नाही, त्या खेळाडूवर पडतं.

याला योग्य वेळ मे आणि जून. एनएफएलचा स्वतःचा ड्राफ्ट (ज्यात खरे संघ नवे खेळाडू निवडतात) एप्रिलअखेर होऊन गेलेला असतो, ट्रेनिंग कॅम्प जुलैअखेर सुरू होतात, मधल्या काळात सगळे निवांत असतात. सुरुवातीला माणसं पक्की करा. एका वर्षापुरतं येणारा इथे चालत नाही. निदान तीन हंगाम राहीन असं म्हणणारे दहा किंवा बारा जण हवेत. मध्येच कुणी सोडून गेलं तर त्याचा संघ नव्या माणसाला कीपरसकट मिळणार की रिकामा, हेही आत्ताच ठरवा. माझ्या मते कीपरसकट द्यावा, नाहीतर नव्या माणसाला पहिल्याच वर्षी इतरांच्या मागून पळावं लागतं.

वर्गणीचा विषयही याच वेळी काढा. आपल्या लीगमध्ये न्यू जर्सी, टेक्सास आणि पुणे असे तिन्हीकडचे मित्र असतील तर पैसे मध्ये आणूच नका. भारतात ऑगस्ट २०२५मध्ये झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे, आणि अमेरिकेतही राज्याराज्यात नियम वेगळे आहेत. एक फिरता चषक ठेवा. त्यावर नाव कोरलं जावं म्हणूनही लोक जीव तोडून खेळतात.

किती कीपर ठेवायचे याचं उत्तर गणितातच आहे. बारा संघ आणि प्रत्येकी दोन कीपर म्हटलं की चोवीस खेळाडू ड्राफ्टच्या आधीच गेले. प्रत्येकी चार म्हटलं तर अठ्ठेचाळीस, आणि मग ड्राफ्टच्या दिवशी उत्साह वाटावा असं फारसं उरतच नाही. नव्या लीगने दोनवर थांबावं. ज्यांना पूर्ण संघच जन्मभर सांभाळायचा आहे त्यांच्यासाठी डायनेस्टी लीग आहे, तो वेगळा संसार आहे. कीपर ठेवण्याची सक्ती नसावी. ज्याला नको त्याने सगळे सोडून कोऱ्या पाटीने यावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे किंमत. किंमत नसलेला कीपर म्हणजे वंशपरंपरागत जहागीर. स्नेक ड्राफ्टमध्ये, म्हणजे जिथे सगळे आळीपाळीने एकेक खेळाडू निवडतात आणि दर फेरीला क्रम उलटतो, ही किंमत फेरीत मोजतात: खेळाडू ठेवायचा तर त्या फेरीतली आपली निवड सोडायची. मला पटलेला नियम सरळ आहे. खेळाडू ज्या फेरीत घेतला, त्याच्या दोन फेऱ्या वर त्याची पुढच्या वर्षीची किंमत. सहाव्या फेरीत घेतला असेल तर पुढच्या वर्षी चौथी फेरी, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरी. आणि दोन वर्षं ठेवून झालं की तो परत ड्राफ्टमध्ये, कुणीही असो.

या एका नियमातून बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात. पहिल्या दोन फेऱ्यांत घेतलेल्या खेळाडूच्या वर जायला जागाच नाही, त्यामुळे तो ठेवता येत नाही. तिसऱ्या फेरीतला एकच वर्ष ठेवता येतो, पहिल्या फेरीची निवड सोडून. इथे कुणीतरी हमखास सूट मागतो. २०२४मध्ये बहुतेक लीगमध्ये ख्रिश्चन मॅकॅफ्री सर्वांत आधी गेला आणि दुखापतींमुळे हंगामात चारच सामने खेळला. ज्याने त्याला घेतलं त्याचं वर्ष वाया गेलं हे खरं, पण म्हणून पुढच्या वर्षी तो त्याला स्वस्तात द्यायचा नाही. दुखापतीची भरपाई सुरू केली की तिला अंत नाही.

वेव्हरवरून, म्हणजे कुणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंमधून, उचललेल्या खेळाडूची किंमत हा वादाचा खरा अड्डा. बरीच मंडळी अशा खेळाडूला शेवटची फेरी लावतात. तसं करू नका. २०२३चा पुका नकुआ आठवा. रॅम्सने एनएफएल ड्राफ्टच्या पाचव्या फेरीत घेतलेला नवखा रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू), बहुतेक फॅन्टसी ड्राफ्टमध्ये त्याचं नावही निघालं नव्हतं. संघाचा मुख्य रिसीव्हर कूपर कप जखमी होता म्हणून याला संधी मिळाली. पहिल्या आठवड्यात सिअ‍ॅटलविरुद्ध १० झेल आणि ११९ यार्ड, दुसऱ्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध १५ झेल, आणि हंगामअखेर १०५ झेल, १,४८६ यार्ड. पहिल्या आठवड्यानंतर वेव्हरच्या रांगेत ज्याचा नंबर आधी होता त्याला तो मिळाला. शेवटच्या फेरीचा आणि मुदत नसलेला नियम असता तर पहिल्या फेरीच्या तोडीचा हा खेळाडू त्या एका रांगेच्या जोरावर वर्षानुवर्षं पंधराव्या फेरीत पडून राहिला असता.

पंधरा फेऱ्यांच्या ड्राफ्टमध्ये वेव्हरच्या खेळाडूला दहावी फेरी लावा. मग नकुआ २०२४मध्ये दहाव्या फेरीत, २०२५मध्ये आठव्या फेरीत, आणि २०२६मध्ये सगळ्यांसाठी खुला. ज्याने त्याला हेरलं त्याला दोन वर्षं भरपूर फायदा झालाच. आणि २०२४च्या पहिल्याच सामन्यात नकुआचा गुडघा दुखावला, त्या हंगामात तो ११ सामनेच खेळला. दहावी फेरी सोडून ठेवलेल्याला तो तोटा सोसण्यासारखा होता. ठरलेली किंमत अशी दोन्ही बाजूंनी कामाला येते.

बारीक कलमं इथेच लिहून टाका, कारण भांडणं बारीक कलमांवरूनच होतात. दोन कीपर एकाच फेरीचे निघाले तर एक एका फेरीने वर सरकतो, कोणता ते मॅनेजरने ठरवावं. त्या फेरीची निवड आधीच ट्रेडमध्ये (अदलाबदलीत) गेली असेल तर त्याच्या वरची सगळ्यात जवळची निवड द्यावी लागेल. वरची एकही उरली नसेल तर कीपर नाही. खेळाडू ट्रेड झाला तर त्याची किंमत आणि संपलेली वर्षं दोन्ही त्याच्याबरोबर जातात, नव्या घरी घड्याळ शून्यावर येत नाही. ड्राफ्टमध्ये घेतलेला खेळाडू कुणी सोडला आणि दुसऱ्याने उचलला तरी त्या हंगामापुरती त्याची ड्राफ्टची फेरी कायम राहते. हे कलम नसेल तर तिसऱ्या फेरीतला जखमी खेळाडू सोडायचा, मित्राने तो उचलायचा आणि दहाव्या फेरीच्या भावात ठेवायचा, हा रस्ता उघडा राहतो. खेळाडू वर्षभर मैदानात उतरलाच नाही तरी ते वर्ष मोजलं जातं. लेव्हिऑन बेल २०१८चा अख्खा हंगाम करारावरून बाहेर बसला, कॅल्विन रिडली सट्टेबाजीमुळे २०२२चा पूर्ण हंगाम निलंबित होता. अशा वेळी ‘त्याचं वर्ष धरू नका’ अशी विनंती येते, तिला नियमातच उत्तर असू द्या.

तुमची लीग स्नेकऐवजी ऑक्शनची असेल तर किंमत डॉलरमध्ये. हे डॉलर अर्थात खेळातलेच, प्रत्येकाला साधारण २००. मागच्या वर्षीच्या बोलीवर दरवर्षी पाच डॉलर वाढवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. मी निदान सात-आठ तरी म्हणेन, नाहीतर एका डॉलरचा खेळाडू सहा डॉलरला मिळत राहतो. मॅनेजरांना एक हिशेबही समजावून सांगा. बारा जणांचे मिळून २,४०० डॉलर. समजा कीपर सगळे मिळून ३०० डॉलरना ठेवले, पण बाजारात त्यांची खरी किंमत ६०० होती. मग खोलीत पैसे उरले २,१०० आणि खेळाडू उरले १,८०० डॉलरचे. म्हणजे उरलेला प्रत्येक खेळाडू सरासरी सतरा टक्के महाग जाणार. ही गोष्ट माहीत नसलेला माणूस जुन्या यादीतले भाव धरून बसतो आणि पहिला तासभर त्याच्या हाताला काहीच लागत नाही.

तारखा ठरवताना दोन कॅलेंडर समोर ठेवा. ड्राफ्ट बहुधा लेबर डेच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या) आसपास पडतो, आणि गणपतीही त्याच सुमारास येतात: २०२४मध्ये हंगाम ५ सप्टेंबरला सुरू झाला आणि गणेश चतुर्थी ७ला होती, २०२५मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आणि हंगाम ४ सप्टेंबरला. ज्या घरी गणपती बसतो त्या घरातल्या माणसाला आरतीच्या वेळी ड्राफ्टला बसवू नका. जूनमध्येच तारीख पक्की केली तर हे सगळं टळतं.

कीपर जाहीर करायची मुदत ड्राफ्टच्या तीन दिवस आधी ठेवा, आणि वेळ नेहमी एकाच टाइमझोनमध्ये लिहा. ईस्टर्न वेळेनुसार रात्री नऊ म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा. ‘शुक्रवार रात्रीपर्यंत’ एवढंच लिहिलं तर तीन शहरांत तीन मुदती होतात. मुदत फार आधीची ठेवू नये याचं कारण क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) अँड्र्यू लक. २४ ऑगस्ट २०१९ला, प्रीसीझनचा सामना चालू असतानाच त्याच्या निवृत्तीची बातमी फुटली आणि अनेक लीगचे कीपर तोवर ठरून गेले होते. मुदत आणि ड्राफ्ट यांच्या मधल्या दिवसांसाठी आणीबाणीचं कलम हवंच: निवृत्ती, हंगाम संपवणारी दुखापत किंवा पूर्ण हंगामाचं निलंबन झालं तर कीपर मागे घेता येईल आणि निवड परत मिळेल. त्याच्या जागी दुसरा मात्र ठेवता येणार नाही, कारण बाकीच्यांनी तयारी जाहीर झालेल्या यादीवर केलेली असते. नावं सगळ्यांनी कमिशनरकडे (लीग चालवणाऱ्याकडे) स्वतंत्रपणे पाठवावीत आणि ती एकाच वेळी जाहीर व्हावीत. कमिशनरने स्वतःची नावं आधी दुसऱ्या कुणाकडे तरी देऊन ठेवावीत. त्याच्यावर विश्वास असला तरीही.

हंगामातले नियमही आत्ताच हवेत, कारण कीपरमुळे नोव्हेंबरचे ट्रेड बदलतात. बाद झालेला संघ आपला या वर्षीचा तगडा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) देऊन पुढच्या वर्षीचा स्वस्त रिसीव्हर घेतो. यात गैर काही नाही. दोघांचाही फायदा आहे आणि मला तर कीपर लीगमधला तोच सर्वांत रंगतदार काळ वाटतो. फक्त ट्रेडची शेवटची तारीख प्लेऑफच्या बरीच आधी ठेवा, अकरावा आठवडा संपताना ठीक. पुढच्या वर्षीच्या निवडी ट्रेड करायला परवानगी देत असाल तर एकच वर्ष पुढच्या, आणि पुढचं वर्ष खेळणार असं लेखी सांगणाऱ्यालाच.

ड्राफ्टचा क्रम उलट्या गुणतक्त्यावरून लावू नका. शेवटच्याला पहिली निवड मिळते हे कळलं की डिसेंबरात लोक जखमी खेळाडू लायनअपमध्ये ठेवून हरायला लागतात. प्लेऑफ हुकलेल्यांची वेगळी स्पर्धा चालवा आणि तिच्या विजेत्याला पहिली निवड द्या. शेवटच्या आठवड्यापर्यंत सगळे लायनअप लावतात.

नियम बदलायला दोन तृतीयांश मतं, बारांत आठ. आणि मंजूर झालेला बदल पुढच्या नाही, त्याच्याही पुढच्या हंगामापासून लागू. हे ताणल्यासारखं वाटेल. पण पॅट्रिक महोम्सचं २०१८ घ्या. ५० टचडाउन पास, ५,०९७ यार्ड, आणि एकच क्वार्टरबॅक खेळवायच्या लीगमध्ये तो बराच उशिरा मिळाला होता. अशा लीगने त्या हंगामानंतर लगेच सुपरफ्लेक्सला मत दिलं असतं, म्हणजे दुसरा क्वार्टरबॅक खेळवायची मुभा, तर महोम्सवाल्याचं भाग्य एका मतदानात उजळलं असतं. स्कोअरिंग बदललं की खेळाडूंचे भाव बदलतात, म्हणून प्रत्येकाला एक हंगाम आधी कळलंच पाहिजे. रद्द झालेल्या सामन्याचं काय, तेही एका ओळीत लिहा. २ जानेवारी २०२३चा बफेलो-सिनसिनाटी सामना डमार हॅमलिनच्या हृदयाचा ठोका थांबल्यामुळे थांबला आणि नंतर रद्द झाला, तेव्हा कित्येक लीगची फायनल त्याच आठवड्यात होती.

नोंद ठेवायला गूगल शीट पुरते. सहा रकाने: खेळाडू, मॅनेजर, कसा मिळाला, मूळ फेरी, ठेवलेली वर्षं, पुढच्या वर्षीची किंमत. बदल करायचा अधिकार दोघांना, बघायचा सगळ्यांना. ईएसपीएन, याहू किंवा स्लीपर, कुठेही खेळत असाल तरी कीपर भरायची सोय असते, पण तुमचे वाढत्या किमतीचे हिशेब ती अ‍ॅप करत बसत नाहीत, ते शीटमध्येच करायचे. ड्राफ्टच्या आदल्या संध्याकाळी कीपर अ‍ॅपमध्ये भरा, प्रत्येक जण बरोबर फेरीत बसलाय का ते शीटशी ताडून बघा आणि ड्राफ्ट बोर्डाचा फोटो ग्रुपवर टाकून प्रत्येकाकडून होकार घ्या. ड्राफ्ट संपला की त्याच रात्री सगळ्या निवडी शीटमध्ये उतरवा, पहिल्या आठवड्याच्या वेव्हरआधी.