डर्ट बाईक स्वस्तात कशी न्यावी : गोव्यातून निघणाऱ्यांसाठी

म्हापशाच्या बाजारात बेळगावची भाजी पहाटे उतरते. कोबीच्या गोण्या, मिरचीची पोती खाली झाली की तेच पिकअप रिकाम्या हौद्याने बेळगावला परत जायला चोर्ला घाटाच्या वाटेला लागतात. डिचोली-साखळीच्या रस्त्यावर राहणारे आम्ही हे रोज बघतो. तरी त्या रिकाम्या हौद्यात आपली डर्ट बाईक, म्हणजे मातीत-खडबडीत जागी चालवायची बाईक, मावते, हे माझ्या डोक्यात यायला तीन हंगाम गेले. तोवर दर शर्यतीला मी जायचं आणि यायचं, दोन्ही बाजूंचं भाडं भरत होतो. स्वस्त गाडी शोधण्यापेक्षा, जी गाडी तशीही तिकडे जाणारच आहे ती शोधा. पैसे तिथे वाचतात. आणि वाचलेले पैसे वाटेत गमवायचे नसतील तर बाईक स्वतः बांधायला शिका.

मुळात गाडीत घालून न्यावी का लागते, ते बघू. कावासाकीची केएक्स किंवा केटीएमची एसएक्स अशा खऱ्या मोटोक्रॉस (मातीच्या मैदानातल्या शर्यतीच्या) बाईकला हेडलाइट नसतो, नंबर प्लेट नसते. मोटार वाहन कायदा १९८८ चं ३९वं कलम नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवू देत नाही. मैदान घरापासून दोन किलोमीटरवर असलं तरी ती गाडीत चढवूनच न्यायची. हिरोच्या एक्सपल्ससारखी नोंदणीची बाईक असेल तर गोष्ट वेगळी. बेळगाव-कोल्हापूरपर्यंत तीच चालवत नेणं सगळ्यात स्वस्त. पण तिला नॉबी (मातीत पकड घेणारे मोठ्या गुठळ्यांचे) टायर चढवले असतील तर डांबर ते भराभर खातं. शिवाय मैदानात पडून हात दुखावला, लिव्हर मोडला, तर परत चालवत कोण आणणार? म्हणून शर्यतीला जाताना मी नोंदणीची बाईकही चढवूनच नेतो.

आधी टेप घ्या

गाडीवाल्याला फोन करण्याआधी बाईकची लांबी आणि हँडलची रुंदी मोजा. मोठ्या डर्ट बाईक साधारण सात ते सव्वासात फूट लांब असतात आणि हँडल पावणेतीन फुटांच्या आसपास. छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, याचा हौदा सात फुटांच्या जवळपासच. एक बाईक तिरकी घालून जाते, पण कधी कधी फाळका (हौद्याची मागची झडप) उघडा ठेवावा लागतो, आणि उघड्या फाळक्यावर मागचं चाक टेकवून घाट चढणं मला पटत नाही. गावातल्या गावात, डिचोलीहून मये किंवा फोंड्यापर्यंत जायला छोटा हत्ती ठीक. लांब जायचं तर बोलेरो पिकअप किंवा तशीच दुसरी गाडी. आठ-नऊ फुटी हौद्यात दोन बाईक आरामात राहतात. तिसरी मधली उलट्या तोंडाने घातली की हँडल एकमेकांत अडकत नाहीत आणि तिन्ही बसतात.

वजनाची चिंता सोडा. मोटोक्रॉसची बाईक ११० किलोच्या आसपास, एक्सपल्स १६०-१७० च्या आसपास. पिकअपला ते काहीच नाही. अडते ती जागा.

मग हिशेब मांडा

समजा पिकअपवाला किलोमीटरला २० रुपये मागतो. पणजी ते पुणे साधारण ४५० किलोमीटर. गाडी तुमच्यासाठी जाऊन परत येणार, म्हणजे ९०० किलोमीटर, १८,००० रुपये. एकट्याला हे परवडत नाही. तिघांनी मिळून नेलं तर माणशी ६,०००. शर्यत दोन दिवसांची असेल तर गाडी तिथे थांबण्याचे पैसे वेगळे, ते आधीच ठरवून घ्या. टोल कोणाचा, ड्रायव्हरच्या जेवणाचं काय, हेही बोलून घ्या. नाहीतर परतीच्या दिवशी मैदानावर वाद होतो, आणि बाईक तेव्हा त्याच्या हौद्यात असते.

रिटर्न गाडीचा हिशेब वेगळा असतो. तिचं येण्या-जाण्याचं डिझेल भाजीच्या भाड्यात आलेलंच असतं, तुमचे पैसे वरकड. म्हणून तिथे किलोमीटरने बोलू नका, ठोक रक्कम बोला. म्हापशातून बेळगाव चोर्ल्याने सुमारे १२० किलोमीटर. बेळगावला पोचलात की पुण्याला आणि हुबळी-बेंगळुरूकडे जाणारा महामार्ग समोर आहे आणि मालगाड्यांना तोटा नाही. मडगाव आणि पणजीच्या बाजारातही घाटावरून भाजी येते. पहाटे उठून जा, दोन-तीन ड्रायव्हरांशी बोला. फोनवरच्या मध्यस्थाला जे जमत नाही ते तिथे चहाच्या कपावर जमतं.

अडचण परतीची. बेळगावहून गोव्याकडे येणारे भाजीचे पिकअप भरलेले असतात, त्यात तुमची बाईक बसत नाही. तेव्हा उलटा विचार करा: गोव्यातून माल तिकडे पोचवून रिकामी परतणारी गाडी कोणती? कधी कधी मासळीची गाडी मिळते, भाडंही कमी सांगतात. मी एकदा आणली. हौद्यात खारं पाणी साचलेलं होतं, घरी येऊन चेन बघितली तर तांबूस पडलेली. तेव्हापासून मासळीच्या गाडीत बाईक घालायची झाली तर आधी हौदा गोड्या पाण्याने धुवून घेतो, चाकांखाली ताडपत्री घालतो, आणि उतरवल्याबरोबर चेन धुऊन तेल देतो.

एक गोष्ट मात्र कधीही सोडू नका. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी, अक्षरं काळी असायला हवीत. ओळखीच्या माणसाचा पांढऱ्या पाटीचा पिकअप स्वस्तात मिळतो, पण भाड्याने धंदा करायची त्याला मुभा नसते. वाटेत काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. पत्रादेवी, केरी, मोले, पोळे, जिथून कुठून सीमा ओलांडाल तिथे बाईकची कागदपत्रं हातात असू द्या. नोंदणी नसलेल्या बाईकचं खरेदीचं बिल लागतं. त्याची झेरॉक्स मी टूलबॉक्समध्येच ठेवतो.

रेल्वेने

एकटे असाल, लांब जायचं असेल आणि दोन-चार दिवस हाताशी असतील तर रेल्वे बघा. तुमचं त्याच गाडीचं तिकीट असेल तर बाईक लगेज म्हणून जाते, नसेल तर पार्सल म्हणून. गोव्यात यातली युक्ती एवढीच की गाडी जिथून सुटते त्या स्टेशनावर बुक करा. मधल्या स्टेशनावर गाडी दोन-पाच मिनिटं थांबते, तेवढ्यात हमालांना बाईक चढवता आली नाही तर ती फलाटावर राहते. वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस लोंढा, बेळगाव, मिरज करत पुण्याला जाते. बेंगळुरूकडे वास्को-यशवंतपूर आहे. मुंबईला जायचं तर मडगावहून सुटणाऱ्या मांडवी आणि कोकणकन्या.

आदल्या दिवशी पार्सल ऑफिसात जाऊन विचारा, जागा आहे का, कधी आणायची. टाकी पूर्ण रिकामी करून न्या. पेट्रोल सापडलं तर दंड आहे, आणि तो योग्यच आहे. कार्बोरेटरची बाईक असेल तर त्याच्या वाटीतलंही पेट्रोल काढा, टाकी सुकी असली तरी वास तिथून येतो. गोणपाट गुंडाळणारी माणसं स्टेशनाबाहेर असतात, पण हँडल, लिव्हर, रेडिएटर आणि सायलेन्सर घरीच जुन्या रजईच्या तुकड्यांनी बांधून नेलेले बरे. रेडिएटरचे पातळ पत्रे हमालाच्या एका बोटाने दबतात, त्याचा काही दोष नसतो. नाव, फोन, कुठून कुठे, हे पुठ्ठ्यावर मार्करने लिहून दोन ठिकाणी बांधा.

बुक करताना किंमत जाहीर करायची की नाही, हे विचारतात. जाहीर करून वरचा आकार (जादा शुल्क) भरला नाही, तर नुकसान झाल्यावर वजनावर ठरलेली थोडीशी रक्कम हातात पडते. १०० किलोच्या बाईकला त्यात काय मिळणार? आकार भरा. पोचल्यावर वेळेत सोडवली नाही तर तासांवर जागेचं भाडं चढतं.

पॅकर्स, बस आणि बाकीचे

पॅकर्सवाल्यांकडे घर हलवताना सामानासोबत बाईक दिली तर ठीक. नुसत्या बाईकसाठी दिली तेव्हा माझा अनुभव कडू आहे. फोनवर एक दर, आणि बाईक ताब्यात गेल्यावर 'गोदामाचे', 'हँडलिंगचे' असे रोज नवे पैसे. कुणाला द्यायचीच असेल तर बिल्टीवर (माल पाठवल्याच्या पावतीवर) एकूण रक्कम, बाईकची अवस्था आणि पोचवण्याची तारीख लिहून घ्या. चारी बाजूंनी फोटो काढा, चेसिस नंबरचाही. सगळे पैसे आगाऊ देऊ नका.

रात्रीच्या खासगी बसच्या डिकीत आडवी घालून बाईक नेणारेही आहेत. पावती नाही, विमा नाही, आणि आडव्या बाईकमधून ठिबकणारं पेट्रोल डिकीत, वर झोपलेले प्रवासी. हे स्वस्त पडलं तरी करू नका.

चढवणं आणि बांधणं

पिकअपचा हौदा जमिनीपासून जवळपास तीन फूट उंच असतो. आठ फुटी, दोन इंच जाडीची फळी लागते, आणि माणसाला चढायला शेजारी दुसरी. फळी नसली तर गोव्यात उत्तर जमिनीतच आहे: गाडीचा मागचा भाग शेताच्या उंच बांधाला किंवा चिऱ्यांच्या कट्ट्याला लावा, फाळका टेकवा, आणि बाईक सरळ आत ढकला. पावसाळ्यात बांध भुसभुशीत असतो, पाय देऊन बघून मगच.

पुढचं चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला भिडलं पाहिजे. पट्टे रॅचेटचे (खटक्याने आवळायचे) घ्या, चार. काथ्याचा दोर ओला झाला, वाळला की ढिला पडतो. नायलॉनची दोरी गाठीतून सरकते. एका पावसाळ्यात चोर्ल्याच्या वळणावर माझी नायलॉनची गाठ सुटली, बाईक शेजारच्या मित्राच्या बाईकवर कलंडली आणि त्याचा क्लच लिव्हर गेला. त्या दिवशी तो शर्यतीत उतरू शकला नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

पुढचे दोन पट्टे हँडलच्या खालच्या क्लॅम्पपासून पुढे आणि बाहेर, दोन्ही कोपऱ्यांत ओढा. ते ओढण्याआधी पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा घाला. ठोकळा नसताना पट्टे पिळले की फोर्क (पुढच्या चाकाचे शॉक) पूर्ण दाबून राहतो, दोनशे किलोमीटरच्या खड्ड्यांत त्याचे ऑइल सील फुटतात आणि पोचल्यावर फोर्कवर तेलाचा ओघळ दिसतो. ठोकळा असला की पट्टा हवा तेवढा आवळता येतो. मागचे दोन पट्टे फूटपेगच्या (पाय ठेवायच्या खुंटीच्या) किंवा मागच्या फ्रेमच्या जागेपासून मागे ओढा, बाईक डावी-उजवी हलू नये एवढेच. पट्टा रंगाला किंवा केबलला घासतो तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. पेट्रोलचा कॉक बंद, बाईक गिअरमध्ये, आणि स्टँडवर अजिबात नाही.

नवा पट्टा पहिल्या काही किलोमीटरांतच थोडा सैल होतो. म्हापशातून निघालो की मी डिचोलीला एकदा आणि घाट लागायच्या आधी केरीत एकदा उतरून चारही पट्टे हाताने वाजवून बघतो. ताणलेला पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा टणकन वाजतो, सैल झालेला नुसता थपथपतो. ड्रायव्हर घाईत असला तरी थांबायला सांगा.

उतरवताना मागचे पट्टे आधी सोडा, मग एकाने हँडल धरून पुढचे, एक-एक करून. दोन्ही एकदम सोडले तर दाबलेला फोर्क उसळतो आणि बाईक अंगावर येते. फाळका लावून ड्रायव्हरचे पैसे द्या, आणि तो पुन्हा म्हापशाला कोणत्या दिवशी येणार ते विचारून ठेवा.