व्हील स्पेसर बसवताय? आधी नट किती वळसे घेतो ते मोजा

मावसभावाच्या स्विफ्टमधून आम्ही सोलापूरहून तुळजापूरला निघालो होतो. काटा ऐंशीच्या पुढे गेला की स्टिअरिंग थरथरायचं. बॅलन्सिंग दोनदा करून झालं होतं, अलाइनमेंटही झालं होतं. शेवटी गाडी कडेला घेतली आणि पाना लावला. चारातला एक नट जोर न लावताच फिरला. घरी येऊन चाक उतरवलं, तर डिस्कच्या (म्हणजे चाकाच्या रिमच्या) मागे १० मिमी जाडीची अॅल्युमिनियमची चकती, म्हणजेच स्पेसर. तिचं मधलं भोक एवढं मोठं की हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) बाजूने करंगळी आत जात होती. "सगळ्या गाड्यांना बसतंय की ओ," असं सांगून कुणीतरी ती बसवून दिली होती. नट काढताना वळसे मोजले. साडेचार भरले.

म्हणून हे लिहितोय. स्पेसर वाईट नसतो, पण अंदाजाने बसवलेला स्पेसर चाक सोडून देऊ शकतो.

पहिला प्रश्न गरजेचा. टायर आतून स्ट्रटला (सस्पेन्शनच्या खांबाला) घासतंय किंवा मोठा ब्रेक कॅलिपर डिस्कला लागतोय, तर स्पेसरचा विचार योग्य. पण चाकं मडगार्डच्या रेषेत दिसावीत एवढंच हवं असेल, तर योग्य ऑफसेटची डिस्क घेणं मला जास्त बरं वाटतं. डिस्कच्या आतल्या बाजूला 'ईटी ४५' असा आकडा कोरलेला असतो, तो ऑफसेट, म्हणजे डिस्कच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर मिमीत. १५ मिमीचा स्पेसर लावला की तो ३० होतो. चाक तेवढं बाहेर येतं, बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि स्टिअरिंग खड्ड्यात जास्त झटके देतं. आपल्याकडचे रस्ते पाहता हे हलक्यात घेऊ नका.

जागा मोजायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. दोरीला नट बांधून ती मडगार्डच्या कडेवरून सोडा आणि टायरच्या सगळ्यात फुगीर भागापासून अंतर मोजा. १८ मिमी आलं म्हणून १८ मिमीचा स्पेसर घ्यायचा नाही. चार माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, मग ठरवा. दोन्ही बाजूंना सारखीच जाडी हवी, आणि एकावर एक दोन स्पेसर कधीच नकोत.

आता मापं. पीसीडी म्हणजे बोल्टच्या भोकांचं वर्तुळ. हल्लीच्या स्विफ्टचं ते ४ × १०० (चार भोकं, १०० मिमी व्यास), क्रेटाचं ५ × ११४.३. हे बहुतेक जण बघतात. खरी गडबड होते ती मधल्या भोकात. स्विफ्टच्या हबची गोल कड ५४.१ मिमीची, क्रेटाची ६७.१ ची. स्पेसरचं भोक नेमकं त्याच मापाचं हवं आणि त्याच्या बाहेरच्या तोंडावर तशीच कड हवी, म्हणजे डिस्क तिच्यावर मध्यभागी बसते. दुकानातच हबवर लावून बघा. हाताने दाबल्यावर डब्याचं झाकण बसावं तसा बसला पाहिजे आणि हलवून हलता कामा नये. लांबट भोकांचा 'युनिव्हर्सल' स्पेसर कितीही स्वस्त मिळाला तरी परत ठेवा. माल ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ या प्रतीच्या अॅल्युमिनियमचा असावा. ओतीव चकती तडकू शकते.

मग आटे. साधा हिशेब असा की स्टडची (हबमधून बाहेर आलेल्या, नट ज्यावर चढतो त्या बोल्टची) जेवढी जाडी, निदान तेवढी लांबी नटात गुंतली पाहिजे. मारुतीचा स्टड १२ मिमीचा आणि दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी. १२ ला १.२५ ने भागा, म्हणजे जवळजवळ १० पूर्ण वळसे. ह्युंदाईत ते अंतर १.५ मिमी, म्हणून ८ वळसे. भावाच्या गाडीचे साडेचार आठवा! तीन-पाच मिमीची पातळ चकतीसुद्धा हे मोजूनच लावायची. वळसे कमी पडले तर लांब स्टड बसवा. १५-२० मिमीच्या पुढे स्वतःचे स्टड असलेला, हबला वेगळ्या नटांनी आवळायचा स्पेसर मिळतो. त्यात एक मेख आहे. गाडीचे मूळ स्टड स्पेसरच्या तोंडाबाहेर डोकावत असतील, तर डिस्क नीट टेकणार नाही.

बसवण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पार काढा. गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला की नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि पुढे सैल होतो. नट समोरासमोर, एकाआड एक आवळा. शेवटचा पीळ एअर गनने देऊ नका. टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा) वापरा, किती जोर द्यायचा तो आकडा गाडीच्या पुस्तकात आहे. आट्यांना ग्रीस लावायचं नाही, त्याने तोच आकडा जास्त ताण देतो.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर क्लेमचा वाद होतो.

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे असतात. तुळजापूरला जाऊन आलात की तेवढं अंतर होतंच. घरी आल्यावर चाकं गार होऊ द्या आणि टॉर्क पाना लावा. स्वतःच्या नटांनी आवळलेला स्पेसर असेल, तर चाक उतरवून आतलेही नट बघा. एखादा पाव वळसा जरी फिरला, तरी पुन्हा आवळून पुढच्या ५० किलोमीटरनंतर परत तपासा. तरीही फिरतोय असं दिसलं, तर स्पेसर काढून ठेवा.