कारागृहातले पहिले तीन दिवस: या चुका टाळा

संध्याकाळी बराकींना टाळं लावायची वेळ झालेली असते, तेवढ्यात कोर्टाकडून गाडी येते आणि दहा-बारा नवे बंदी (कैदी) फाटकात उतरतात. झडती, वॉरंट तपासणं, अंगावरच्या खुणा लिहिणं, गणती जुळवणं, सगळं एकदम. पुढचे बरेच अनर्थ या अर्ध्या तासातल्या घाईत सुरू होतात. एका जिल्हा कारागृहात मी मिश्रक, म्हणजे औषधं देणारा कर्मचारी, होतो. बराकीतल्या भांडणांपेक्षा मला गप्प बसलेल्या नव्या माणसाची धास्ती जास्त वाटायची.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे दारू तुटल्याचा त्रास 'नाटक' समजणं. रोज पिणाऱ्याला ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो. त्यात माणूस दगावतो. हे तास शेवटच्या घोटापासून मोजायचे, कारागृहात आल्यापासून नाही.

पन्नाशीच्या एका माणसाच्या हातात पेन ठरेना. "सही येत नाही, अंगठा घ्या," हवालदार म्हणाले. पोलिसांच्या कागदावर त्याचीच आदल्या दिवशीची वळणदार सही होती. मी ती पाहिली आणि तरी 'उद्या डॉक्टरांना दाखवू' म्हटलं. ही माझी चूक. मध्यरात्री तो घोंगडीवरून नसलेल्या मुंग्या वेचत होता. शिपायाने वेळेत उठवलं म्हणून सिव्हिलला नेता आलं आणि तो वाचला. तेव्हापासून फाटकातच, इतरांपासून जरा बाजूला घेऊन विचारायचो: रोज किती घेता? शेवटची कधी घेतली? थरथर दिसली तर त्याच रात्री डॉक्टर. झटका, भ्रम किंवा ताप असेल तर थेट जिल्हा रुग्णालय. वेगळ्या कोठडीत बांधून ठेवणं हा उपचार नाही.

दुसरी चूक झडतीत होते. खिशातल्या गोळ्या काढून घेतात आणि विषय तिथेच संपतो. सुट्या गोळ्या आत न सोडण्याचा नियम बरोबरच आहे, पण मग इन्सुलिन, फिट्स, टीबी, एचआयव्ही यांची औषधं आपल्या साठ्यातून त्याच दिवशी द्यायला हवीत. चिठ्ठी नसेल तर घरी फोन करा, पाकिटावरचं नाव वाचून घ्या.

आत्महत्येची भीती वाटली की 'सुरक्षिततेसाठी' एकट्याला कोठडीत टाकतात. एकटेपणानं धोका वाढतो. समजूतदार बंद्यांसोबत ठेवा, फेरीची वेळ ठरलेली नको, आणि फेरीत चेहरा बघा. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा, विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही. जामीन फेटाळला गेला किंवा मुलाखतीला कुणी आलं नाही, त्या दिवशी पुन्हा विचारा.

पोलिसांनी आणलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रात 'जखम नाही' आणि पाठीवर वळ, असं दिसलं तर जे दिसतं तेच लिहा, आत घेण्याआधी. पोलीस कोठडीतल्या आरोपीची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यातच सांगितलं आहे.

गर्दीत हे सारं अवघड होतं, मान्य. देशातल्या बंद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेले, आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, इतरांनी निम्मा काळ काढला की अधीक्षकांनी स्वतः न्यायालयाकडे अर्ज करायचा असतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले यात येत नाहीत. अशा पात्र बंद्यांची यादी दर आठवड्याला काढा, तेवढीच गर्दी कमी होते.

शेवटचं, पाळी बदलण्याबद्दल. डॉक्टरांना माहीत असतं, रात्रपाळीच्या शिपायाला नसतं. नाव, बराक, काय दिसलं तर कुणाला उठवायचं, एवढं वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. रुग्णवाहिकेचा १०८ आणि बंद्याला बाहेर नेताना सोबत लागणाऱ्या पोलीस मुख्यालयाच्या गार्डचा नंबर त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कारण रात्री दोनला रुग्णवाहिका दारात येऊन गार्डसाठी खोळंबलेली मी पाहिली आहे.