मोडी कागद संगणकावर वाचायला घेताना

कोकणात माळ्यावरच्या ट्रंकेतून निघणारं दप्तर बहुतेक मोडीत असतं: खोतीचे हिशेब, देवस्थानाची इनामपत्रं, आगरांच्या वाटण्या. जोडीला एखादी देवनागरी पोथी. हे वाचायला संगणकाची मदत होते, पण ‘कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ हा प्रश्न बराच पुढचा. आधी स्वतःला मोडी वाचता आली पाहिजे. यंत्र तुमच्या लिप्यंतरावरून शिकतं, आणि तुमच्या चुकाही तितक्याच इमानाने गिरवतं.

दप्तर पावसाळ्यात सोडू नका. दमट हवेत कागद मऊ पडतो, पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना शाईसकट पापुद्रा निघतो. दिवाळी ते होळी हा काळ बरा. पडवीतला उन्हाची तिरीप नसलेला उजेड पुरतो, फ्लॅश नको. बारीक अक्षरासाठी इंचाला किमान ३०० पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू साधारण ४००० पिक्सेलची, म्हणजे एका फोटोत जेमतेम ३४ सेंटिमीटर बसतात. लांब जोडकागद (एकाला एक चिकटवलेले कागद) असेल तर तुकड्यातुकड्याने घ्या, प्रत्येक वेळी आधीच्या तुकड्याचा तिसरा हिस्सा पुन्हा येऊ द्या. पॅनोरमा वापरू नका, ओळी वाकतात. पाठीमागची बाजू कोरी दिसली तरी तिचा फोटो घ्याच. सांध्यावरचा शिक्का किंवा पोच बरेचदा तिथेच असते.

खरी मेहनत पुढे आहे. एका वहीत लिप्यंतराचे नियम लिहून ठेवा आणि मगच पहिली ओळ टंकायला घ्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. म्हणून इकार दिसला की सगळीकडे ‘ी’, उकार दिसला की ‘ु’, असं ठरवून टाका. आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे दुरुस्त केलेली प्रत हवी असेल तर ती वेगळी करा. एकदा ‘पाटिल’ आणि एकदा ‘पाटील’ टंकलंत, तर एकाच आकृतीची दोन उत्तरं यंत्रापुढे येतात आणि ते अंदाज मारू लागतं. मोडीत शब्द तोडलेले नसतात, तेव्हा मोकळी जागा तुम्ही अर्थावरून सोडणार. हरकत नाही, पण पुढे चुका मोजताना जागेच्या चुका बाजूला काढून मोजा, नाहीतर मॉडेल, म्हणजे तुमच्या लिप्यंतरावरून शिकलेलं यंत्र, आहे त्याहून वाईट दिसतं.

सर्वांत फसवा तो दुहेरी दंड. ‘रा॥’ म्हणजे राजश्री, ‘सु॥’ म्हणजे सुहूर, ही जुन्या कागदांतली अरबी अंकनावांची कालगणना. इथे तो संक्षेपाची खूण. पण ‘३॥ मण’ इथे तोच अर्धा होतो, आणि ‘३॥।’ म्हणजे पावणेचार. युनिकोडमध्ये पाव, अर्धा, पाऊण यांना वेगळी चिन्हं आहेत, दंडांना वेगळी. कुठली वापरायची ते वहीत नोंदवा आणि मधेच बदलू नका. एवढं करूनही यंत्र ‘३॥’चं ‘३११’ करू शकतं, म्हणून हिशेबाचा प्रत्येक आकडा डोळ्यांखालून घाला आणि बेरीज जुळवून पाहा. कागदावरची एकूण बेरीज हा फुकटचा तपासनीस आहे.

आता सॉफ्टवेअर. टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आहे, पण ते छापील देवनागरीसाठी. मोडीवर वेळ घालवू नका. हस्तलिखितासाठी ट्रान्सक्रिबस आणि ईस्क्रिप्टोरियम हे दोन मुख्य पर्याय. पहिलं जालावर चालतं, सोपं आहे, पण पानागणिक क्रेडिट खर्च होतं. दुसरं मुक्तस्रोत, त्यामागचं क्राकेन हे इंजिन लिनक्स आणि मॅकवर चालतं, आणि मांडणी करून देणारं कुणी जवळ असेल तरच त्याच्या वाटेला जा. तिथे ओळीचा प्रकार ‘टॉपलाइन’ निवडा. रोमन अक्षरं ओळीवर बसतात. आपली शिरोरेघेखाली लोंबतात. हे विसरलात तर ओळीभोवतीची चौकट सरकते, अक्षरांचा काही भाग कापला जातो आणि शेजारच्या ओळीतल्या खुणा आत शिरतात. पहिल्या दहा पानांच्या चौकटी हाताने नीट करा. कंटाळवाणं काम आहे, पण इथे टाळाटाळ केलीत तर पुढचं सगळं वाया.

हस्ताक्षरासाठी ट्रान्सक्रिबसवाले ५,००० ते १५,००० शब्दांचं लिप्यंतर सुचवतात. दीडशे शब्दांचं एक पत्र धरलं तर ३५ ते १०० पत्रं झाली. क्राकेन त्यातला दहावा हिस्सा आपोआप तपासणीला ठेवतं, पण त्याच पानांतल्या काही ओळी शिकण्यातही असतात, म्हणून तो निकाल फार गोड लागतो. दुसऱ्या कारकुनाच्या हातचा एक अख्खा कागद शिकवण्यापासून लपवून ठेवा आणि त्यावर परीक्षा घ्या. खाजण, भाट, वरकस, कुळागर असले जमिनींच्या प्रकारांचे इथले शब्द आले की यंत्र या परीक्षेत हटकून अडखळतं.

तारखा यंत्रावर सोडू नयेत. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे ५ + ७० + १०० + १०००, सुहूर सन ११७५. वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून मृग ते डिसेंबर ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते पुढचा मृग ६००: इसवी सन १७७४-७५. ‘सबैन’चा शेवट गळून ‘सबा’ झालं तर सत्तराचे सात होतात. मात्र ‘खमस सबा’ अशी दोन एकं शेजारी येत नसतात, त्यामुळे चूक लगेच पकडता येते.

शेवटी नुसती वर्डची फाइल ठेवू नका. मूळ फोटो आणि पेज एक्सएमएल (मजकुराबरोबर त्याची फोटोतली जागाही नोंदवणारी फाइल) सोबत ठेवा, म्हणजे कुठला शब्द कागदावर नेमका कुठे आहे ते दहा वर्षांनीही सापडेल. आणि घरच्यांनी फोटोची परवानगी दिली म्हणजे जालावर टाकायची दिली असं नव्हे. ते वेगळं विचारा. वाटणीपत्र दोनशे वर्षांचं असलं तरी त्यातल्या बांधावरचं भांडण अजून चालू असू शकतं.