पीएफ अडकतो नावात, तारखेत आणि जुन्या नंबरात: या चुका टाळा

पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला पीएफ कटलेला दिसतो, म्हणून सगळं ठीक चाललंय असं धरून चालू नका. पीथमपूर, सांवेर रोड, देवासच्या कारखान्यांत किंवा इंदूरच्या ऑफिसांत काम करणाऱ्यांचे दावे परत येतात, ते खात्यात पैसे नाहीत म्हणून सहसा नाही. घोळ असतो नावाचा, तारखेचा, नाहीतर मागे राहून गेलेल्या जुन्या खात्याचा. नोकरीत असताना हा घोळ निस्तरणं सोपं असतं. नोकरी सुटली की जुन्या कंपनीतला एचआर फोनसुद्धा उचलत नाही.

नावाचा घोळ

मराठी घरांत हा त्रास जरा जास्तच. पुण्या-नागपुराकडे शिकलेल्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. इंदूरमध्ये काढलेल्या आधारवर बहुधा नुसतं नाव आणि आडनाव. पॅनवर तिसराच क्रम. त्यात स्पेलिंगची भर: ऑपरेटरनं 'गोखले' इंग्रजीत टाइप करताना मधला 'ए' गाळला, की पीएफच्या लेखी तो दुसराच माणूस. लग्नात नाव बदललेल्या बायकांचं तर विचारूच नका. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, आणि कंपनीनं पीएफला कळवलेलं त्या दोहोंची सरमिसळ.

पीएफ कार्यालय नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी पडताळून पाहतं. म्हणून आधी आधार बरोबर करा, मग त्याप्रमाणे पॅन, आणि शेवटी यूएएनची, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबराची, नोंद. बरेच जण उलट्या बाजूनं सुरुवात करतात आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं करत बसतात. यूएएनमधली दुरुस्ती सदस्य पोर्टलवर 'मॅनेज'खालच्या 'जॉइंट डिक्लरेशन'मधून होते. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा असेल आणि आधारशी पडताळलेला असेल, तर जानेवारी २०२५पासून यातल्या बहुतेक दुरुस्त्या मालकाच्या मंजुरीशिवाय स्वतःच करता येतात. त्याआधीचा असेल तर मालकाची ऑनलाइन मंजुरी लागते, म्हणून राजीनामा देण्याआधीच अर्ज टाका.

जुनं खातं मागे सोडणं

यूएएन बारा आकडी आणि जन्मभर एकच. त्याखाली प्रत्येक नोकरीचा वेगळा मेंबर आयडी तयार होतो. आयडी 'पीयूपीयूएन'नं सुरू होत असेल तर खातं पुण्याचं, 'एमपीआयएनडी'नं सुरू होत असेल तर इंदूरचं. पुण्यात दोन-चार वर्षं काढून घरी परतलेल्यांच्या पासबुकात हे दोन्ही दिसतात आणि पुण्याची रक्कम तिथेच पडून असते. पीथमपूरला ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांचे तर ठेकेदार बदलेल तसे चार-चार आयडी होतात.

नवीन नोकरीत फॉर्म ११ भरताना 'पूर्वी पीएफ सदस्य होता का' याला घाईत 'नाही' लिहिणं ही फार महागात पडणारी चूक. त्यातून दुसरा यूएएन निघू शकतो. तसं झालं असेल तर चालू यूएएननं लॉगिन करा, 'ऑनलाइन सर्व्हिसेस'मध्ये 'वन मेंबर वन ईपीएफ अकाउंट' उघडा, जुना नंबर टाका आणि आधारच्या ओटीपीनं बदलीचा अर्ज पाठवा.

बदलीनंतर एक गोष्ट पाहून लोक घाबरतात: नव्या पासबुकात पेन्शनच्या (मालकाच्या हिश्श्यातून भरल्या जाणाऱ्या) रकान्यात शून्य. पैसे बुडालेले नसतात. पेन्शनची रक्कम पासबुकातून पासबुकात जात नाही, नोकरीचा काळ जोडला जातो. तो जोडला गेला की नाही ते 'सर्व्हिस हिस्ट्री'मध्ये आणि बदलीच्या अनेक्शर के या कागदावर तपासा.

मधेच पेन्शनचा काळ मोडणं

आमच्या मते ही सगळ्यात मोठी चूक, कारण ती दुरुस्त होत नाही. नोकरी सोडली की फॉर्म १९नं पीएफ आणि फॉर्म १०सीनं पेन्शनचा हिस्सा असे दोन्ही काढून मोकळं व्हायचं, ही जुनी सवय. पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते आणि साडेनऊ वर्षं पूर्ण असतील तर ती दहा धरली जातात. पुण्यात चार वर्षं आणि पीथमपूरला साडेसहा वर्षं केलेल्याची सेवा साडेदहा होते, म्हणजे ५८व्या वर्षापासून पेन्शन. त्यानं पुण्याचा हिस्सा १०सीनं काढला असेल, तर मोजणी साडेसहावर येते आणि पेन्शनचा हक्क जातो.

हिशोब असा: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,००० आणि सेवा दहा वर्षं धरली तर महिन्याला सुमारे २,१४३ रुपये. रक्कम मोठी नाही, पण ती हयातभर मिळते आणि पश्चात जोडीदाराला कुटुंब पेन्शनही मिळते. फॉर्म १०सीमध्येच पैशांऐवजी 'स्कीम सर्टिफिकेट', म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, मागता येतं. पुढची नोकरी कधी लागेल याची खात्री नसेल तर तेच घ्या.

पीएफही पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढला तर रक्कम करपात्र होते, आणि ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर पॅन असूनही १० टक्के टीडीएस कटू शकतो. खातं बदली करून घेतलं तर जुन्या नोकरीची वर्षं या पाचांत मोजली जातात.

मालकानं कमी भरलं, हा गैरसमज

मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० असेल तर तुमचे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, पूर्ण पीएफमध्ये जातात. मालकाच्या १,८००पैकी १,२५० पेन्शनला आणि ५५० पीएफला. पासबुकात मालकाच्या रकान्यात ५५० पाहून भांडायला जाऊ नका, शेजारचा पेन्शनचा रकाना पाहा.

खरोखर भरणा झाला नाही, ही वेगळी गोष्ट. एप्रिलच्या पगाराचा भरणा १५ मेपर्यंत व्हायला हवा. मेअखेरही नोंद दिसली नाही, तर ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावर 'एस्टॅब्लिशमेंट सर्च'मध्ये कंपनीचं नाव टाकून भरण्याचा तपशील पाहा. कोणत्या महिन्याचे पैसे, किती कामगारांचे, कधी भरले, ते तिथे दिसतं. कटौती झाल्याचा पुरावा म्हणजे पगाराची चिठ्ठी. ती दर महिन्याची जपून ठेवा. कामगार ठेकेदाराचा असला तरी त्याच्या भरण्याची जबाबदारी मूळ कंपनीवरही असते, हे ठेकेदाराकडच्या मंडळींनी लक्षात ठेवावं.

शिल्लक फोनवर कळते. इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'ईपीएफओएचओ', मग 'यूएएन', मग 'एमएआर', मधे एकेक जागा सोडून, ७७३८२९९८९९ या नंबरावर पाठवा. शेवटची तीन अक्षरं मराठीसाठी, उत्तर मराठीत येतं. संदेश यूएएनला जोडलेल्या मोबाइलवरूनच जायला हवा.

नोकरी सोडल्याची तारीख

कंपनीनं ही तारीख भरलीच नाही तर पैसे काढण्याचा अर्ज पुढे सरकत नाही. शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने झाले की 'मॅनेज'मधल्या 'मार्क एक्झिट'मध्ये ती स्वतः टाकता येते. तारीख शेवटचा भरणा ज्या महिन्याचा आहे त्याच महिन्यातली हवी, आणि पुढच्या नोकरीच्या रुजू तारखेवर चढायला नको. टाकण्याआधी दोनदा वाचा. 'मार्क एक्झिट'मध्ये ती परत बदलता येत नाही.

वारसाची नोंद अर्धवट

लग्नाआधी केलेलं नामांकन लग्नानंतर बाद होतं. नवं करताना बरेच जण नावं भरतात, फोटो चढवतात आणि शेवटचं 'ई-साइन' विसरतात. आधारच्या ओटीपीनं ते झाल्याशिवाय नोंद धरली जात नाही. पीएफसोबत ईडीएलआय हा आयुर्विमाही असतो, कमाल ७ लाखांचा, आणि त्याचा दावा घरच्यांना याच नोंदीवर करावा लागतो.

एवढं करूनही अडलं तर ईपीएफआयजीएमएस पोर्टलवर तक्रार टाका. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात 'निधी आपके निकट' शिबिर भरतं. तिथे जाताना आधार, पॅन, पासबुकाची प्रत, पगाराच्या चिठ्ठ्या आणि परत आलेल्या दाव्यावरचं कारण छापून न्या. नुसतं 'दावा अडकलाय' सांगण्यापेक्षा ते छापील कारण पुढे ठेवलं की काउंटरवरचा माणूस थेट त्याच नोंदीवर येतो.